हात खाली येईपर्यंत

वस्तीत त्याला सगळे खांब म्हणत. तोंडावर खांबकाका, पाठीमागे नुसता खांब. त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाईट वाटत नसे. नाव कामावरून पडलं होतं आणि काम त्याने चोख केलं होतं.

जमीन मोजणाऱ्यांच्या कचेरीत तो पट्टीवाला होता. पट्टी म्हणजे माणसाच्या दुप्पट उंचीची, लाल-काळे आकडे रंगवलेली लाकडी फळी. मोठे साहेब एका टोकाला तिपाईवर दुर्बीण लावत. पट्टीवाल्याने दरी उतरायची, पलीकडचा चढ चढायचा, साहेब हाताने दाखवतील त्या जागी पट्टी टेकवायची आणि सरळ धरून उभं राहायचं. साहेब दुर्बिणीतून आकडा वाचून लिहून घेणार, मग पुढचा पॉइंट. ऐकायला सोपं आहे. करून पाहावं. एवढी लांब फळी वाऱ्यात हाताला हिसके देते. बोटभर कलली तरी उंची चुकते. मनगटं भरून येतात, मान आखडते, नाकावर माशी बसते. माशी हाकलायला हात सोडायचा नाही. नाक हलवायची मुभा होती.

आणि एक नियम होता. साहेब दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली सोडत नाहीत तोवर पॉइंट सोडायचा नाही. हात वर म्हणजे वाचतोय, हलू नको. हात खाली म्हणजे झालं, सोड.

एकदा साहेबांचे हात वर जायच्या आतच डोंगरावर धुकं उतरलं. समोरचं काही दिसेना. साहेबांनी काम गुंडाळलं, तंबूत येऊन चहा घेतला आणि दुसरा कप भरताना त्यांच्या ध्यानात आलं की पट्टीवाला अजून आलेला नाही. ते हाका मारत, चाचपडत गेले. पट्टी सरळ होती. मागे माणूसही सरळ होता, भिवयांवर दवाचे थेंब.

"अरे, अजून इथेच?"

"हात खाली आला नाही, साहेब."

"मी तुला दिसत तरी होतो का?"

"म्हणून तर थांबलो."

त्या दिवसापासून तो खांब झाला.

तेव्हाच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसे. पट्टी खाली डोकं वर पाय, आणि ती धरणाराही तसाच. साहेब म्हणत, "मी तुला आयुष्यभर आभाळाला लटकलेला पाहिलाय. रस्त्यात सरळ भेटलास की ओळखायला वेळ लागतो." पुढे सरळ दिसणाऱ्या दुर्बिणी आल्या. मग आकडे आपोआप वाचणारं यंत्र आलं. पट्टीवाला राहिलाच. कोणीतरी तिथवर चालत जाऊन उभं राहायला हवंच होतं.

घरी बायको शेजारणींना सांगे, "आमच्या ह्यांना उभं राहायचा पगार मिळतो." हसण्यावारी नेई, पण काम काय आहे ते तिला कळत होतं. लग्नानंतर लवकरच कळलं होतं. भिंतीवर फळी ठोकायची होती. त्याने फळी डोक्याच्या वर धरली, ती मागे सरकून हाताने दाखवू लागली. डावं टोक वर, उजवं जरा खाली, बस्स. तेवढ्यात दूध उतू गेलं. ती आत धावली. मागल्या दाराशी शेजारीण चाळण मागायला आली, ती आली म्हणजे बोलणं आलं. पुष्कळ वेळाने बायको बाहेर आली तर फळी जागच्या जागी.

"अहो! अजून धरूनच?"

"हात कुठे खाली आला?"

"मग हाक मारायची ना!"

"पॉइंटवरून हाक मारत नाहीत."

"मी काय तुमचा साहेब आहे?"

त्याने जरा विचार केला. "त्यांच्या वरची," तो म्हणाला. "आता खिळा दे."

ती फळी आजही एका रेषेत आहे. आणि हातांची ती बोली घरात शिरली ती कायमची. निवृत्त झाल्यावर तो खालच्या नळाशी लोकांशी बोलत बसे. बायको अंगणाच्या कठड्याशी येऊन दोन्ही हात वर नेऊन खाली सोडी. म्हणजे पुरे झालं, वर या, जेवण वाढलंय. तो वाक्य अर्धं टाकून उठे.

वस्ती टेकडीच्या उतारावर होती आणि त्यांचं घर बरंच वर. खालच्या रस्त्यापासून घरापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. त्या कोणी एकाने बांधलेल्या नव्हत्या. ज्याने जसं घर बांधलं तशा त्याने आपल्या दारापुढच्या पायऱ्या केल्या, आपल्या पायाच्या मापाने. त्यामुळे काही मांडीइतक्या उंच, काही नुसत्या ठेच लागायला ठेवल्यासारख्या. धडधाकट माणसाला सवय होते. बायकोचा उजवा खुबा झिजत गेला, आणि सवयीचा उपयोग उरला नाही.

शेवटची ती खाली गेली ती बहिणीला बरं नव्हतं तेव्हा. धाकटी बहीण खाली रस्त्यावर, पाववाल्याच्या दुकानाला लागून राहत होती. उतरताना कशीबशी उतरली. परत येताना चौघांनी खुर्चीत बसवून उचलून आणली. वाटेत दारादारांतून लोक बघत होते, काही जण हातही लावायला पुढे आले. घरात आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. म्हणाली, "पुन्हा नाही. मी काही कपाट नाही." त्याला दोन हिवाळे उलटून गेले होते. धाकटीचं हृदय कमजोर, तिला चढ वर्ज्य. दोघी रोज फोनवर बोलत, आणि बोलताना ही कठड्याशी उभी राहून धाकटीच्या घराच्या पत्र्याकडे बघत असे. पत्रा दिसे, बहीण दिसत नसे.

अशात एके दिवशी एक मुलगी अंगणात येऊन धापा टाकत उभी राहिली. पाठीवर मोठी पेटी, गळ्यात ओळखपत्र, केस आखूड.

"खांबकाका इथेच राहतात?" तिने विचारलं आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, खाली सगळ्यांनी हेच नाव सांगितलं."

"तेच नाव आहे," तो म्हणाला. "बसा. आधी पाणी प्या. पेटी पट्ट्यांनी पाठीवर घेतलीय, पण ओझं खाली लोंबतंय. अशाने कंबर जाईल."

ती नकाशे करणाऱ्या कंपनीची होती. ड्रोन उडवून जमिनीचे फोटो घ्यायचे, आणि त्या फोटोंतून चढउतारांचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. नगरपालिकेच्या मनात वस्तीतून एक उतरती वाट काढायची होती. बिनपायऱ्यांची. म्हाताऱ्यांना चालता येईल, चाकाची खुर्ची जाईल अशी. प्रश्न एवढाच होता की कोणाचं घर न पाडता, घरांच्या मधून वळणं घेत तेवढा सौम्य उतार बसतो का. ते उंची मोजल्याशिवाय कळणार नव्हतं. नकाशा या शनिवारच्या सभेपुढे गेला तर काम मंजुरीला लागणार. नाही गेला तर गोष्ट पुढल्या वर्षावर. आणि ड्रोन उडवायची परवानगी फक्त उद्याच्या दिवसाची, सूर्य मावळेपर्यंत.

"जुन्या पद्धतीने दुर्बीण लावून मोजायचं तर इथे घराआड घर आहे, महिना जाईल," ती म्हणाली. "वरून एका दिवसात होतं. पण सोबत माणूस हवा. बोळ माहीत असलेला, सामान उचलणारा."

आतून बायकोचा आवाज आला. "बिनपायऱ्यांची म्हणजे अगदी एकही पायरी नाही?"

"प्रयत्न तोच आहे, काकू."

आत भांडी पुन्हा पुन्हा जागा बदलत असल्यासारखी वाजत राहिली. खांबाने ते ऐकलं. त्याने उठून पेटी एका हाताने उचलून पाहिली, खाली ठेवली.

"किती वाजता?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच दोघं कामाला लागली. आधी कापडं अंथरायची होती. प्रत्येक कापड हातभर लांबीरुंदीचं, त्यावर दोन पांढरे आणि दोन काळे चौकोन, आणि चारही चौकोन जिथे मिळतात तो मधला बिंदू. तोच पॉइंट. अशी आठ कापडं वस्तीभर, उतारावर वरपासून खालपर्यंत. कोपऱ्यांवर दगड. मग माथ्यावर डबीसारखं यंत्र बसवलेला दांडा त्या बिंदूवर उभा करायचा, म्हणजे आकाशातल्या उपग्रहांवरून जागा आणि उंची मिळते. दांडा धरायचं काम खांबाचं. दांड्यावर काचेच्या टिकलीत एक बुडबुडा असतो. तो मध्यावर राहिला म्हणजे दांडा सरळ.

मुलगी बुडबुड्याकडे बघत राहिली. "काका, हा हलतच नाही."

"हलून कसं चालेल, मॅडम?"

दांड्याला वजन काहीच नव्हतं. त्याला हातात काही धरल्यासारखं वाटेना. पण पायांना ओळख पटली. टाचा जुळल्या, पाठ ताठ झाली. पाचव्या कापडाशी त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून शीळ घालतोय.

आठही पॉइंट घेऊन झाल्यावर मुलगी म्हणाली, "झालं. आता ड्रोन वरून फोटो घेईल तोवर कापडांजवळ कोणी यायला नको. कुत्रं नको, पोरं नकोत, कोणी नको. तेवढं बघाल?"

"बघतो."

कोणी नको, हे त्याला पुरतं पटलं. त्या कोणीत आपण येतो हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. तो कोणी नव्हता, तो पट्टीवाला होता.

ड्रोन त्याच्याच अंगणातून उडाला. सपाट जागा म्हणून मुलीने ते अंगण निवडलं होतं. चार पंखे, पोटाखाली कॅमेरा, आकार जेवायच्या मोठ्या ताटाएवढा. घोंघावत वर गेला, टेकडीच्या माथ्यावरून आडव्या रेघा ओढल्यासारखा जात-येत, एकेक पट्टा खाली सरकू लागला. मुलगी हातातल्या पडद्याकडे आणि आभाळाकडे आळीपाळीने बघत होती. बायको कठड्याशी खुर्ची टाकून बसली.

खांब खाली उतारावर होता. पहिली तीन कापडं वर राहिली होती, तिथे तो पोचूच शकत नव्हता. चौथ्याजवळ असताना घोंघाट डोक्यावर आला. त्याने कापडाकडे पाहिलं. बेवारशासारखं पडलं होतं. ज्या पॉइंटवर माणूस नाही तो पॉइंट त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाय आपण होऊन गेले. मधल्या बिंदूवर टाचा जुळल्या, हात बाजूला, टोपी सरळ, नजर समोर.

ड्रोन गेला, वळून आला, पुन्हा गेला. हात वर करून खाली सोडणारं तिथे कोणी नव्हतं. शेवटी त्याने आपल्यापुरता नियम केला, आवाज खालच्या अंगाला सरकला की पॉइंट सुटला. मग तो पळाला. पायऱ्या उतरून, दोन घरांमधल्या बोळातून, कोणाच्या वाळत घातलेल्या चादरीखालून वाकून पुढच्या कापडावर. तिथे उभा. पुन्हा पळाला. या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या पायऱ्यांवरून. ड्रोनच्या आधी प्रत्येक कापडावर पोचला आणि प्रत्येक वेळी श्वास आवरून ताठ राहिला. पाचही कापडं. एकही चुकवलं नाही.

वर बायको कौतुकाने बघत होती. "पाहिलंस, पोरी? कसे ताठ उभे आहेत. या वयातही वाकणं नाही."

"हो काकू," मुलगी म्हणाली. तिची नजर ड्रोनवर होती. वारा वाढला होता आणि बॅटरी संपत आली होती.

ड्रोन उतरला. मुलीने फोटो लॅपटॉपवर घेतले आणि अंगणातल्या सावलीत बसून एकेक मोठा करून पाहू लागली. वरची तीन कापडं झकास. मग ती थांबली. पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. तिचा चेहरा पडत गेला.

"काकू, काकांची टोपी कशा रंगाची आहे?"

"मातकट. रुंद काठाची. ही काय आलीच."

खांब पायऱ्या चढून आला. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, चेहरा लाल, आणि त्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच दिसलेलं समाधान. "कसं झालं?" त्याने विचारलं.

मुलीने पडदा त्याच्याकडे वळवला. काळ्या-पांढऱ्या चौकोनांच्या बरोबर मध्यावर एक मातकट वर्तुळ होतं, त्याखालून बुटांची दोन टोकं डोकावत होती.

"हे काय?"

"टोपी."

"कोणाची?"

"तुमची, काका."

तो वाकून बघू लागला. साहेबांनी त्याला उलटा पाहिला होता, जगाने सरळ पाहिला होता, वरून कोणी पाहिला नव्हता. "मी एकही पॉइंट सोडला नाही," तो म्हणाला, पण शेवटचा शब्द येईतो आवाज खाली आला होता. त्याला कळलं होतं.

मुलगी चिडली नाही. चिडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. तिने समजावून सांगितलं. मधला बिंदू फोटोत दिसला तर तो जमिनीवर मोजलेल्या जागेशी बांधता येतो. खालची पाचही कापडं झाकली गेलीत. म्हणजे चादर वरच्या काठाला खिळून ठेवली आणि खालचा काठ मोकळा सोडला, तसा नकाशा. वर बरोबर, खाली झुलता. वीतभर उंची इकडची तिकडे झाली तरी उतार चुकतो, आणि या वाटेत तर सगळं उतारावरच होतं.

खांब ओट्यावर बसला. त्याने टोपी काढून गुडघ्यावर उलटी ठेवली आणि तिच्यात बघत राहिला.

"मी इथूनच बघत होते," बायको म्हणाली. "मला वाटलं, तेच काम. आजवर तेच तर होतं."

"चूक माझी आहे," मुलगी म्हणाली. "तुम्ही मला दाखवत होता, काकू, आणि मी मान वळवली नाही."

"नाही," खांब म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं, कोणी नको. मी होतो." मग त्याने विचारलं, "पुन्हा उडेल?"

"उडेल. बॅटऱ्या चार्ज कराव्या लागतील. उन्हं कलायच्या आत जमायला हवं, फार लांब सावल्या पडल्या तर फोटो बिघडतात. वाराही वाढतोय. तो फार वाढला तर नाही उडवता येणार."

त्यांनी घरातला दिवा, पंखा सगळं बंद करून बॅटऱ्या लावल्या, म्हणजे वीज तेवढीच त्यांना मिळेल अशी बायकोची समजूत. तसं काही नसतं, हे मुलीने सांगितलं नाही. तेवढ्यात धाकटीचा फोन आला. ही म्हणाली, "हो गं, चाललंय. नाही, काही सांगता येत नाही अजून." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "वाट झाली तर येईनच ना. तू कुठे जाऊ नकोस म्हणजे झालं," आणि पदराने फोनची काच पुसून तो खाली ठेवला.

पाचही कापडांच्या पांढऱ्या चौकोनांवर बुटांची माती लागली होती. मुलगी उठली. "मी पुसून येते."

"माती माझ्या बुटांची आहे," तो म्हणाला. त्याने बादली भरली, फडकं घेतलं.

"गुडघे सांभाळा," बायको म्हणाली.

"सकाळपासून मीच त्यांना सांभाळतोय. आता जरा त्यांनी मला सांभाळावं."

पाण्याची बादली घेऊन उतरताना हिंदकळून चालत नाही, म्हणून हात अंगापासून दूर धरावा लागतो. तसा हात थोड्या वेळात खांद्यातून दुखू लागतो. मग बादली दुसऱ्या हातात. तो एकेका कापडाशी बसला, दगड न हलवता, कापड न सरकवता, ओलं फडकं दाबून माती उचलली. घासलं असतं तर कापड सरकलं असतं. उठताना दर वेळी आधी एक हात मांडीवर, मग दुसरा, मग उरलेला माणूस. पाणी दोनदा बदलायला तो नळापर्यंत गेला. सकाळी जे अंतर पळत कापलं होतं ते आता त्याच्या पायांनी मोजून परत मागितलं.

तो वर आला तेव्हा मुलगी म्हणाली, "आता तुम्ही इथेच बसा, काका. काकूंच्या शेजारी. उठायचं नाही."

"बसलो असतो. पण खाली पाण्याच्या हौदाजवळचं कापड वाऱ्याने फुगतंय. कोपऱ्याचा दगड पुरत नाही, अजून दोन ठेवावे लागतील."

"मग ठेवा आणि दूर व्हा. ड्रोन यायच्या आत हौदामागे. कापडाकडे यायचं नाही, काही झालं तरी."

"काही झालं तरी," त्याने मान हलवली.

हौदाजवळची जागा उघडी होती. वारा तिथे दोन बाजूंनी येत होता. त्याने दोन दगड शोधून आणले, कोपरे दाबले, आणि हौदामागे जाऊन उभा राहिला. ड्रोन उडाला. आवाज वरच्या पट्ट्यांवरून घोंघावत एकेक घर मागे टाकत खाली येऊ लागला.

तो जवळ आला तसा वारा उठला. कापडाचा एक कोपरा फुगला, दगड कलंडला. कोपरा उचलला गेला, पडला, पुन्हा उचलला गेला. खांबाचा एक पाय पुढे पडला. अजून एक पाऊल. नुसतं जाऊन पाय ठेवायचा होता. नुसता कोपऱ्यावर. आवाज आता हौदावर होता.

सवयीने त्याने वर पाहिलं, जिथे साहेबांची दुर्बीण असायची त्या बाजूला. तिथे त्याचं अंगण होतं.

बायको उभी होती. खुर्चीतून उठायला जिला दोन्ही हातांचा आधार लागे, ती कठड्याला पोट टेकून उभी होती आणि तिचे दोन्ही हात डोक्यावर होते. तो जागच्या जागी थिजला. हात वर आहेत तोवर हलायचं नाही. ड्रोन त्याच्या डोक्यावरून गेला, वळला. त्याला ठाऊक होतं हात किती वेळात भरून येतात. तिने ते धरून ठेवले.

मग ते खाली आले.

सोड.

तो वळला आणि कापडाकडे पाठ करून बोळात चालत गेला. आवाज पार विरेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या नोकरीत कधी लागली नव्हती एवढी ताकद त्या चार पावलांना लागली.

संध्याकाळी मुलीने फोटो दाखवले. हौदाजवळच्या कापडाचा एक कोपरा दुमडलेला आला होता. "मध्य मोकळा आहे," ती म्हणाली. "एवढंच लागतं." तिने डोळे मिटून मोठा श्वास सोडला आणि प्रथमच भिंतीला टेकून बसली.

"हे काय आहे?" खांबाने एका फोटोच्या काठावर बोट ठेवलं.

ते त्याचंच अंगण होतं. फोटोच्या काठावरच्या उभ्या वस्तू जराशा आडव्या पडल्यासारख्या दिसतात, तशी कठड्याशी एक बारीकशी बाई कललेली दिसत होती. दोन्ही हात वर.

"अगंबाई, मी?" बायको म्हणाली. "केस बघा कसे दिसतायत."

"एवढ्या उंचीवरून केस दिसत नाहीत."

"मला दिसतायत."

"हा फोटो मिळेल का?" खांबाने मुलीला विचारलं. मग पुढे म्हणाला, "पोरी." मॅडम म्हणायचं तो विसरला होता, आणि तिनेही त्याची आठवण करून दिली नाही. फोटो आज त्याच भिंतीवरच्या फळीवर आहे, जी एका रेषेत आहे.

नकाशा शनिवारी सभेपुढे गेला. वाट लगेच झाली नाही. एकाचा न्हाणीघराचा कोपरा आड आला, दुसऱ्याने भिंतीवरून भांडण काढलं, मधे काम बंद पडलं. पण मुलीच्या नकाशात उतार हौदाला वळसा घालून बसत होता, आणि जे कागदावर बसलं होतं ते शेवटी जमिनीवरही बसलं. फक्त अगदी खाली, पाववाल्याच्या दुकानाशी, गटारामुळे दोन पायऱ्या राहिल्या. त्या तेवढ्या एका मापाच्या होत्या.

ज्या सकाळी नव्या वाटेच्या कठड्याचे लोखंडी गज रंगवून वाळले, त्या सकाळी बायको काठी घेऊन निघाली. खुर्ची नको म्हणाली. खांब पुढे. पहिल्या वळणावर जाऊन तो उभा राहिला. ती येऊन पोचली की तो पुढच्या वळणावर.

"अहो, चला ना सरळ. वाटेत काय उभे राहता?"

"हात खाली आला की जातो."

"एका हातात काठी, दुसऱ्यात गज. कुठून आणू तिसरा हात?"

"मग थांबतो."

असं वळणा-वळणाने ती उतरली. मधे दोनदा गजाला टेकून दम घेतला. दारांतून लोक बघत होते, या वेळी तिने मान वर करून बघू दिलं. शेवटच्या वळणावरून रस्ता दिसला. पाववाल्याच्या दुकानापुढे खुर्ची टाकून धाकटी बसली होती, शाल गुंडाळून, इकडेच डोळे लावून.

त्या दोन पायऱ्यांशी खांब आधाराला हात पुढे करून उभा राहिला. बायको त्याच्यापर्यंत आली नाही. जरा वरच थांबली, पाठ गजाला टेकवली, काठी काखेत धरली. तिने दोन्ही हात वर नेले. मग खाली सोडले.

तो क्षणभर तसाच उभा होता. मग बाजूला झाला.

ती पुढे आली, गज धरून आधी एक पायरी उतरली, थांबली, मग दुसरी, आणि रस्त्यावर आली. धाकटी खुर्चीतून उठली होती. दोघी एकमेकींचे दंड धरून उभ्या राहिल्या, कोण कोणाला सावरतंय ते कळेना.

"किती वेळ गं लावलास!" धाकटी रडत रडत म्हणाली.

"मी काय करू? हे दर वळणावर उभे."

"खांब तो खांबच," धाकटी म्हणाली. पाववाला आतून अजून एक खुर्ची घेऊन आला.

खांब खालच्या पायरीवर बसला, टोपी काढून शेजारी ठेवली आणि घाम पुसला. आज त्याने ओझं काहीच उचललं नव्हतं, तरी हात भरून आले होते.